नमुन्याचे दात

आमच्या घरात कचऱ्याचा डबा नाही, बरणी आहे. काचेची, रुंद तोंडाची, दोन लिटरची. सालं कुंडीत जिरतात, कागद नि पत्रा भंगारात जातो, चिंध्या उशीत भरल्या जातात. एवढं सगळं होऊनही जे कुठेच जात नाही ते बरणीत. आणि वर्षभराचा असा माल त्या एका बरणीत मावला पाहिजे, हा माझ्या बायकोचा नियम. ती शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिची दोन मशिनं आहेत. दीड मीटर कापडात दोन मीटरचं काम बसवणारी बाई. दोन लिटरमध्ये वर्ष बसवणं तिला काय अवघड.

मी नट-बोल्टच्या गोदामात साठा सांभाळतो. आवक, जावक, शिल्लक. माल कमी भरला तर मी गाडीवाल्याला सही देत नाही, मग तो कितीही हॉर्न वाजवो. सांगायचा मुद्दा, मोजमापाच्या बाबतीत आम्ही दोघं एकमेकांना साजेसे. म्हणून तर लोकांना आमचा संसार सुरळीत वाटतो.

बरणीची पहिली शिकार झाली टूथपेस्टची ट्यूब. बायकोने तिच्याऐवजी स्वतः मंजन केलं: कोळशाची वस्त्रगाळ पूड, मीठ, खायचा सोडा आणि वासापुरती लवंग. ब्रश लाकडी, आणि तो झिजून झाडूसारखा होईस्तोवर बदलायचा नाही. दातांच्या फटी साफ करायला बाजारातला दोरा कशाला, म्हणून मशिनच्या रिळांवर उरलेला शिवणाचा दोरा. माझी आई आमच्याकडेच असते. तिचे वरचे-खालचे सगळे दात काढायचे-घालायचे, कवळीचे आहेत. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की माझं तोंड आधीपासूनच धुऊन पुन्हा वापरायचं आहे, मला यातून वगळा. तिला वगळलं. उरलो मी.

मंजन मी आठ दिवस वापरलं. पहिल्या दिवशी आरशात बघितलं तर बोगद्यातून इंजिन बाहेर यावं तसं तोंड. चवीबद्दल बोलत नाही. हिरड्या झोंबायला लागल्या तेव्हा नवव्या दिवशी मी कामावर जाताना वाटेत एक ट्यूब आणि एक ब्रश घेतला आणि गोदामातल्या माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. खणावर चिठ्ठी होती ‘इतर’. ती चिठ्ठी मी बदलली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी घरी बोटभर मंजन ओठांना फासायचो, मोठ्याने चूळ भरायचो आणि गोदामात पोचलो की खरे दात घासायचो. रात्रीचं काय, तर रात्री जेवणानंतर मला शतपावलीची सवय लागली. गोदाम चार गल्ल्या पलीकडे आहे आणि किल्ली माझ्याकडेच असते. दोन महिन्यांत बायको शेजारणींना सांगायला लागली, की नुसतं मंजन सुरू केलं तर यांची तब्येतसुद्धा सुधारली, स्वतःहून चालायला जातात. आईला मात्र नाक आहे. ती एकदा माझ्याजवळून जाताना म्हणाली, “गोदामात पुदिन्याचं पीक बरं आलंय वाटतं.” मी ऐकलं नाही असं दाखवलं. ती नुसती हसली, आणि तिचं हसू बिनदातांचं असलं की जास्त टोचतं.

अशी चौदा महिने गाडी चालली. कुणाचं काही बिघडत नव्हतं, असं मी धरून चाललो होतो.

मग वाचनालयाच्या बाईंनी बायकोला भाषणाला बोलावलं. विषय: कमी कचऱ्याचं घर. रविवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात. बायकोने तयारी अशी केली की जणू एखाद्या लग्नघराचे कपडे शिवायला घेतलेत. बरणी मांडायची. मंजनाच्या चाळीस बाटल्या भरायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकेक द्यायची. शेवटी मला पुढे बोलवायचं आणि दात दाखवायला लावायचे. म्हणजे मी नमुना. चौदा महिने नुसतं घरचं मंजन, बघा, एक डाग नाही. मी म्हटलं, माझ्यापेक्षा तुझेच दात दाखव की. त्यावर ती म्हणाली, बोलणाऱ्या माणसाने स्वतःचे दात दाखवले तर लोकांना वाटतं आपल्यावर हसतोय.

रविवारच्या आधीच्या सोमवारी माझ्या लक्षात आलं की ती उजव्याच बाजूने चावतेय. मोजायची सवय वाईट. एक घास, वीस वेळा, सगळे उजवीकडे. विचारलं तर म्हणाली काही नाही. मंगळवारी घरात लवंगेच्या तेलाचा वास. बुधवारी डावा गाल तिच्या टाचण्यांच्या उशीसारखा फुगला, आणि मग काही नाही म्हणायची सोय राहिली नाही.

दातांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर नको. घाबरत होती म्हणून नव्हे. ही बाई बोटातून मशिनची सुई गेली तरी आधी कापडाला डाग पडला का ते बघते. तिचं म्हणणं वेगळंच होतं. एकदा त्या खुर्चीत बसलं, की दोन जोड हातमोजे, कागदी पेला, गळ्यातला प्लास्टिकचा कागद, कापसाच्या वळकट्या, लाळ ओढायची नळी, इंजेक्शन, आणि शिवाय औषधांची पाकिटं. हे सगळं तिच्या एका दाढेपायी. म्हणजे न्यायाने तिच्या बरणीत. आणि बरणीत वर दोन बोटं जागा. वर्ष पुरं व्हायला चार दिवस. रविवार होऊ दे, सोमवारी जाते.

दाढ सोमवारपर्यंत थांबणार आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली दाढेला मंजनाने उतार पडेल, तुमचं नाही का सगळं छान.

मी आणखी एक पोळी मागून घेतली.

गुरुवारी सकाळी आईने निकाल दिला. ती म्हणाली, मी तुझ्याच वयात एका दाढेला उद्या-परवा करत बसले होते, आता बघ, सगळे वाटीत झोपतात. एवढं बोलून तिने खरोखरच दात काढून वाटीत ठेवले आणि वाटी सुनेच्या समोर सरकवली. अशा पुराव्यापुढे वाद चालत नाही. बायको उठली. पण जाताना पिशवी घेतली: स्टीलचा पेला, स्वतः शिवलेला गळपट्टा, चार धुतलेले रुमाल आणि झाकणाचा एक डबा. डबा कशाला, विचारलं. कचरा घरी आणायला.

दातांच्या डॉक्टर म्हणजे तिशीतली, बारीक चणीची, भराभर बोलणारी बाई. दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर बाकडं, आत खुर्ची, खिडकीत कुंडी. डॉक्टरबाईंनी पेला चालेल म्हटलं. गळपट्टा उलटसुलट करून बघितला आणि शिवण छान आहे म्हणाल्या. डब्याला मात्र नाही. तोंडातून निघालेला कचरा घरी देता येत नाही, त्याची वेगळी पिशवी, वेगळी गाडी, तसा कायदाच आहे. बायकोने विचारलं, मग तो मोजायचा कुणाकडे?

“ताई, बरणी तुमच्या घराची. माझ्या खुर्चीतला कचरा माझ्या नावावर लिहा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आता तोंड उघडा.”

तोंड उघडलं. आरसा फिरला, दिवा फिरला. डॉक्टरबाईंनी चिमट्याने दोन दाढांच्या मधून काहीतरी ओढून काढलं आणि दिव्यासमोर धरलं. निळा दोरा. बोटाच्या पेराएवढा. बायकोने दोरा बघितला आणि जड जिभेने म्हणाली की हा शाळेच्या गणवेशांचा. गणवेशांची ऑर्डर होऊन तीन आठवडे झाले होते.

एक्स-रे निघाला. डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. दाढेत लहानशी कीड जुनीच असणार, पण ती एवढ्या लवकर मुळाशी पोचली त्याला कारणं आहेत. कोळशाच्या खरखरीत पुडीने दातांवरचा थर घासला गेलाय, मंजनात फ्लोराइड नाही, ब्रशचे केस झोपलेत, आणि शिवणाचा दोरा तुटून हिरडीत राहतो. आज दाढ उघडून आतली घाण काढली, तर दोन-तीन खेपांत रूट कॅनाल होईल, वर टोपी बसेल, दाढ वाचेल. चार दिवसांनी आलात तर वाचेलच असं सांगता येणार नाही. काढावी लागेल कदाचित.

बायको उठून बसली. सूज आलेल्या गालानेसुद्धा ती काय युक्तिवाद करते हे ऐकण्यासारखं होतं. दोरा तिची चूक, कबूल. ब्रश बदलते, कबूल. पण मंजनाला दोष देऊ नका. तेच मंजन, तेच घर, तेच पाणी, आणि यांचे दात बघा. दाढ जुनीच किडकी होती, एवढंच. मंजनासाठी चाळीस माणसं थांबलीत. रविवार होऊ दे, सोमवारी सकाळी तुम्ही दार उघडायच्या आत मी पायरीवर असेन.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मला खुर्चीत बसवलं.

आता माझी स्थिती बघा. मी पाठीवर आडवा, तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, डोक्याशी डॉक्टर आणि पायाशी बायको, आणि बायकोच्या चेहऱ्यावर अशी खात्री की जी माल मोजून घेताना माझ्या चेहऱ्यावर असते. डॉक्टरबाई प्रत्येक दातावर टकटक करत गेल्या. चांगले आहेत, म्हणाल्या. फारच चांगले आहेत. बायकोने हात छातीवर बांधले. डॉक्टरबाई म्हणाल्या की ताई, एका माणसाच्या दातांवरून काही ठरत नसतं. बायको म्हणाली, मला एक पुरतो.

माणसाला खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं. मी चौदा महिने तोंड मिटून खोटं बोलत होतो. आता तोंड उघडं होतं. मी गप्प राहिलो असतो तर ती सोमवारपर्यंत थांबली असती, सोमवारी कदाचित दाढ गेली असती, आणि मधल्या रविवारी चाळीस माणसं माझे दात बघून चाळीस बाटल्या घरी घेऊन गेली असती. गोदामात असं काही घडलं तर त्याला हिशेबातली चूक म्हणत नाहीत, दुसरा शब्द आहे.

मी डॉक्टरबाईंचा हात बाजूला केला आणि म्हणालो, “मी ट्यूब वापरतो. गोदामात. रोज सकाळी आणि रात्री.”

बायकोने विचारलं, कधीपासून. मी म्हटलं, नवव्या दिवसापासून. मग रात्रीचं चालणं? मी म्हटलं, तेच. बाहेरच्या बाकड्यावर एक आजोबा नंबर लावून बसले होते, ते खोकायचे थांबले.

मला वाटलं ती निघून जाईल. ती गेली नाही. तिने पिशवीतून गळपट्टा काढला, स्वतःच्या गळ्यात बांधला, मला खुर्चीतून उठायची खूण केली आणि माझ्या जागेवर आडवी झाली. “करा काय करायचंय ते,” ती डॉक्टरबाईंना म्हणाली. आणि मग माझ्याकडे न बघता: “यांना बाहेर बसवा.”

मी आजोबांच्या शेजारी बसलो. आजोबा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, की मी पण बायकोपासून एक गोष्ट लपवली होती, पण बायको गेली तरी अजून बोललो नाही, तुम्ही हिंमतवान. त्यांना वाटलं हे समाधानकारक आहे.

पाऊण तासाने बायको बाहेर आली. डावी बाजू बधिर, ओठ लोंबकळता. डॉक्टरबाईंनी तीन तास बोलू नका, खाऊ नका सांगितलं होतं. म्हणजे मला तीन तासांची सूट मिळाली, असं मला वाटलं. घरी पोचल्यावर तिने कापडाचे नमुने कापायचा मोठा खाकी कागद टेबलावर पसरला, शिवणाचा खडू घेतला आणि लिहिलं: किती ट्यूब?

मी म्हटलं, चार. पाचवी चालू आहे.

ब्रश?

तीन.

गेल्या कुठे?

गोदामाच्या कचऱ्यात, म्हटलं. तिने खडू ठेवला. थोडा वेळ बरणीकडे बघितलं. मग खडू उचलला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: कचरा कमी नाही झाला, फक्त पत्ता बदलला.

आईने तो कागद चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे मी ऐकून होते. दात घासायची जागासुद्धा वेगळी असते हे आज कळलं. बायकोच्या तोंडाची उजवी बाजू हलली. हसली की काय ते सांगता येत नव्हतं, कारण अर्धाच पुरावा उपलब्ध होता.

शुक्रवार-शनिवार ती माझ्याशी कामापुरती बोलली. पण मला तिचा राग नेमका कशाचा आहे ते कळेना, म्हणून शनिवारी विचारलंच. ट्यूबचा नव्हे, ती म्हणाली. मंजन झोंबतं हे तुम्ही नवव्या दिवशी सांगितलं असतंत, तर मी दहाव्या दिवशी बदललं असतं. माझ्याही हिरड्या झोंबत होत्या. मला वाटायचं, यांना होत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे.



रविवारी सभागृहात चाळिसाच्या ठिकाणी साठ माणसं आली. बायकोने बरणी मांडली, सालं कशी जिरवायची, चिंध्यांचं काय करायचं, सगळं ठरल्याप्रमाणे सांगितलं. मग मंजनाची एक बाटली हातात घेतली आणि म्हणाली की ही वाटायला आणली होती, पण दातांना लावू नका. स्टीलची भांडी आणि नळ लखलखीत होतात, त्यासाठी न्या. दातांना फ्लोराइडची पेस्ट लावा, मोठी ट्यूब घ्या, संपली की कात्रीने उभी कापा, आत आठवड्याची पेस्ट निघते. ब्रश लाकडी घ्या हवा तर, पण तीन महिन्यांनी केस झोपले की निरोप द्या. फटींसाठी शिवणाचा दोरा नको, तो फक्त कापडाला. आणि दात दुखला तर बरणीकडे बघू नका, डॉक्टरकडे जा. मी तीन दिवस बघत बसले आणि दाढ जाता-जाता राहिली.

कुणीतरी विचारलं, हे कळलं कसं? तिने माझ्याकडे बोट केलं. “हे सांगतील.”

म्हणजे नमुना म्हणून मला पुढे जावंच लागलं. मी सांगितलं. खण, चिठ्ठी, शतपावली, सगळं. लोक हसले, आणि मीही हसलो, कारण साठ जणांसमोर दुसरं काही करता येत नाही. हसू ओसरलं तेव्हा तिसऱ्या रांगेतली सुतारकाम करणारी बाई उभी राहिली आणि म्हणाली, की मी मागच्या वर्षी सगळ्यांसमोर कागदी रुमाल सोडले, पण एक खोकं करवतीच्या मागे आहे. तिच्या मागून निवृत्त पोस्टमन उठले. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली एक मोठी पिशवी होती, आणि ती त्यांनी मुलीच्या माळ्यावर ठेवली होती, मुलीला न सांगता. मुलगी शेजारीच बसली होती. मग एकेक करत हात वर व्हायला लागले. वाचनालयाच्या बाईंनी वेळ संपल्याचं दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगायच्या ऐवजी स्वतःच कबूल केलं की कपाटात बाटलीबंद पाण्याचं एक खोकं आहे.

बायको एकेकाचं ऐकून घेत होती. कुणाला रागावली नाही. फक्त विचारत होती: का लपवावं लागलं? झोंबत होतं का काही? लोक सांगत होते, आणि ती लिहून घेत होती. दोन तासांचं भाषण साडेतीन तास चाललं. चाळीस बाटल्या संपल्या. सुतारबाई तीन घेऊन गेली, हत्यारांना लावून बघते म्हणाली.

महिनाभरात तीन खेपा होऊन दाढेवर टोपी बसली. त्या संध्याकाळी बायको भाजलेले शेंगदाणे घेऊन टेबलाशी बसली आणि एकेक दाणा मुद्दाम डाव्या बाजूला नेऊन फोडला. बारा दाणे. आई शेजारच्या खोलीतून ओरडली की कुणाचं तरी हाड मोडतंय का बघा.

खण मी रिकामा केलाय. ट्यूब आता न्हाणीघरातल्या फळीवर उघडी उभी असते आणि शेजारी बायकोचा ब्रश, माझा ब्रश. जेवण झालं की आम्ही दोघं आरशासमोर शेजारी-शेजारी उभे राहतो, नळ बंद, तोंडात फेस. माझ्यावरचा विश्वास पूर्ण परत आलाय, असं ती सगळ्यांना सांगते. पण मी चूळ भरून तोंड उघडून दाखवेपर्यंत ती दारातून हलत नाही.